सीटला हात लावायचा नाही

माझ्या सासूबाईंना बाटलीवरचं लेबल बघवत नाही. जॅमची असो की लोणच्याची, रिकामी झाली की आधी गरम पाण्यात बुडवायची, मग खोबरेल तेल चोळून ठेवायची आणि थोड्या वेळानं एका कोपऱ्यातून नखानं लेबल सोलून काढायचं. नागपूरच्या त्यांच्या स्वयंपाकघरात असल्या बोडक्या बाटल्यांची रांगच आहे. कुठलीत धणेपूड आणि कुठलीत खायचा सोडा हे त्यांचं त्यांनाच ठाऊक. सातासमुद्रापलीकडे नोव्हायला माझ्याकडे आल्या आणि आठवड्याभरात माझ्या मसाल्यांच्या कपाटाचीही तीच गत झाली. मी चिडले, मग गप्प बसले. ज्या बाईचा मुलगा गेलाय तिच्याशी बाटल्यांवरून काय भांडायचं? पण याच सवयीपायी पुढे माझ्या नवऱ्याची गाडी तपासणीत अडकली आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं.

आधी गाडीचं सांगते. राखाडी रंगाची साधी सेडान, काही खास नाही. पानं गळायच्या दिवसांत आमच्याकडे हरणं बेभान होऊन रस्त्यावर येतात. त्या वर्षी त्यातल्या एकानं ऑफिसातून परतणाऱ्या माझ्या नवऱ्याच्या गाडीवर उडी घेतली. बॉनेट चेपलं, डावीकडचं मडगार्ड गेलं, ड्रायव्हरचं दार आत आलं. ह्याला खरचटलंसुद्धा नाही. घरी आला आणि पहिलं वाक्य काय, तर हरीण उठून शेतात पळालं, वाचलं असेल बहुतेक.

विमा कंपनीनं गाडी टोटल झाली म्हणून सांगितलं. म्हणजे दुरुस्त करण्यात अर्थ नाही, भंगारात द्या. गाडी ठेवायची असेल तर ठेवता येते, पण मग राज्य तिच्या टायटलवर, म्हणजे मालकीच्या कागदावर, सॅल्व्हेज म्हणजे भंगारातली असा शिक्का मारतं आणि तशी गाडी रस्त्यावर फिरवता येत नाही. आधी दुरुस्त करायची, मग पोलिसांतल्या खास शिकलेल्या माणसाकडून तपासून घ्यायची. चोरीचे भाग तर लावले नाहीत ना, हे तो मुख्यतः बघतो. त्यानं सही केली तरच नवं टायटल आणि नंबर प्लेट. कोणताही शहाणा माणूस म्हणेल, न्या बाबा भंगारात. माझा नवरा म्हणाला, मी इंजिनियर आहे.

होता इंजिनियर, पण कसला? जन्मभर त्यानं गाड्यांच्या दारांच्या रबरी पट्ट्या डिझाइन केल्या. दार लावल्यावर बाहेरचा आवाज आत येऊ नये, एवढंच त्याचं काम. पाना कसा धरतात हे त्याला व्हिडिओ बघून शिकावं लागलं. मी यथेच्छ टिंगल केली. त्याचा कॉलेजातला मित्र ट्रॉयला राहतो, मी त्यांना भाऊजी म्हणते. ते दर शनिवारी यायचे आणि दोघं गॅरेजमध्ये हीटर लावून, चहावर चहा पीत, गाडीशी झटायचे. बॉनेट बसलं, मडगार्ड बसलं. दार राहिलं होतं. फेब्रुवारीत एका सकाळी ड्राइव्हवेवरचा बर्फ काढताना तो खाली बसला आणि पुन्हा उठला नाही.

आईंना, म्हणजे सासूबाईंना, येता आलं नाही. त्यांचा जुना व्हिसा संपलेला, नवा मिळेपर्यंत कोण थांबणार? सगळे विधी त्यांनी नागपुरात, स्टीलच्या पेल्याला टेकवून ठेवलेल्या फोनवर पाहिले. त्या फोनमधल्या आईंकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. मे महिन्यात व्हिसा मिळाला, गेलेल्या माणसासाठीचं पुण्यानुमोदनही केव्हाच उरकलं होतं, आणि त्या एकट्या विमानात बसून आल्या. घरात पाऊल टाकलं, त्याच्या फोटोकडे बघितलं न बघितलं, आणि विचारलं, गाडी कुठे आहे?

मी गॅरेजचा दिवा लावला. ड्रायव्हरच्या बाजूला अजून ते चेपलेलंच दार होतं. आई वळसा घालून पलीकडून आत बसल्या, मांडीवर पर्स ठेवून, गाडी आता निघणारच आहे अशा. मी दाराशी उभी राहिले. किती वेळ बसल्या कोण जाणे.

याला कारण होतं. माझा नवरा रोज सकाळी ऑफिसला जाताना गाडीतून आईला फोन करायचा. इथली सकाळ म्हणजे तिकडे संध्याकाळच्या चहाची वेळ. वर्षानुवर्षं हे चाललं होतं. घरी असताना आईशी धड दोन वाक्यं बोलायचा नाही, पण गाडीच्या स्पीकरवर लागला की ऑफिस येईपर्यंत गप्पा. त्यामुळे आईंना तो रस्ता तोंडपाठ होता, तोही नुसता कानांनी. सिग्नल देताना काय टिकटिकतं, पुलावर चाकांचा आवाज कसा बदलतो, ऑफिसच्या आधी रेल्वेचे रूळ ओलांडताना गाडी कशी दोनदा दणक्यानं उडते. रूळ ओलांडले की तो म्हणायचा, ठेवतो आई, पोचलो. आणि आई दर वेळी म्हणायच्या, थांब नं जरा. त्यांनी कधीही ठेव म्हटलं नाही. तो हसायचा आणि ठेवून द्यायचा.

जेवताना त्यांनी मला सांगितलं, मला काही फिरायला नको, धबधबा नको, मोठी शहरं नकोत. त्याचा तो रस्ता तेवढा दाखव. मी म्हटलं, हात्तिच्या, उद्याच जाऊ. माझी गाडी इलेक्ट्रिक आहे. दुसऱ्या दिवशी त्यांना घेऊन निघाले, त्याच वेळेला, त्याच रस्त्यानं. त्या डोळे मिटून बसल्या. माझी गाडी चालते की उभी आहे हेही कळत नाही, इतकी गुपचूप. पूल गेला, रूळ गेले. आईंनी डोळे उघडले तेव्हा समोर ऑफिसचं गेट होतं.

"हा रस्ता नाई वं," त्या म्हणाल्या. "ह्याच्यात तो नाई."

 त्या दिवशी मी ठरवून टाकलं की आईंचं परतीचं तिकीट आहे त्याआधी ती गाडी रस्त्यावर आणायची, काय वाट्टेल ते होवो. आमची मुलगी शिकायला दुसऱ्या राज्यात, मॉरिसव्हिलजवळ असते, तिनं फोनवर इंग्रजीत समजावलं की आई, ती एक गाडी आहे, विकून टाक, तू स्वतःला त्रास करून घेतेयस. मी मराठीत सांगितलं की तू तुझी परीक्षा बघ.

भाऊजींना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, शनिवारी येतो. त्यांनी भंगाराच्या यार्डातून तसल्याच गाडीचं दार शोधून आणलं. नशीब बघा, रंगही तोच राखाडी. आई स्टूल टाकून गॅरेजमध्ये बसायच्या आणि त्यांच्या कामावर देखरेख करायच्या. त्यांचा एकच हुकूम होता, सीटला हात लावायचा नाही. ड्रायव्हरची सीट माझ्या नवऱ्याच्या मापानं मागे सरकवलेली होती. तो चांगला उंच. हरीण आदळलं त्या संध्याकाळी तो उतरला, त्यानंतर त्या सीटवर कोणी बसलंच नव्हतं. भाऊजींना आत वाकून काम करताना पाठ धरायची, बिचारे म्हणायचे, आई, दोन इंच पुढे घेऊ का? आई म्हणायच्या, नाही. मीही हात लावला नाही. खरं सांगायचं तर त्यांनी हुकूम सोडला नसता तरी माझा हात झाला नसता.

दार बसलं, दिवे लागले, डॅशबोर्डवरची लाल खूण गेली. ऑक्टोबर उजाडला होता. तपासणीची वेळ मिळाली आणि आदल्या दिवशी आईंनी गाडी धुवायला काढली. मला वाटलं, बरं आहे, तेवढाच विरंगुळा. पाटावर बसून त्यांनी एकेक चाक घासलं, आतली पायपुसणी झटकली, काचा पुसल्या. शेजारच्या काकू डोकावून म्हणाल्या की गाडी पुन्हा रस्त्यावर येतेय तर नारळ फोडा, चाकाखाली लिंबू ठेवा. आईंनी आमच्यात नसतं म्हणून त्यांना चहा पाजून पाठवलं. संध्याकाळी गाडी नवरीसारखी दिसत होती. मी कौतुकही केलं.

दुसऱ्या दिवशी ट्रकवर चढवून गाडी पोलीस ठाण्याच्या मागच्या आवारात नेली, कारण सही होईपर्यंत ती रस्त्यावर चालवता येत नव्हती. मी आणि आई माझ्या गाडीतून मागोमाग. तपासणारा अधिकारी उंचच्या उंच, पांढऱ्या मिशांचा, बोलायला मोजका. बॉनेट उघडून त्यानं आतला छोटा कागद वाचला, माझ्या हातातल्या पावतीशी ताडून पाहिला, मान हलवली. मडगार्डचंही तसंच. मग दार उघडलं आणि दाराच्या कडेवरून बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. बोट नाकाशी नेऊन वास घेतला.

 असल्या गाड्यांच्या मोठ्या भागांवर कारखान्यातूनच एक बारीक लेबल येतं, त्यावर मूळ गाडीचा नंबर असतो. त्यावरून कळतं की हा भाग कुठल्या गाडीचा. दारावर लेबलाची जागा स्वच्छ होती. चकचकीत होती. आणि तिला खोबरेल तेलाचा वास येत होता.

त्यानं विचारलं, इथलं लेबल कोणी काढलं. मी तोंड उघडायच्या आत आईच पुढे झाल्या. त्यांना प्रश्न कळला नव्हता, पण बोट कुठे आहे ते दिसत होतं, आणि आपल्या कामाकडे साहेबाचं लक्ष गेलं याचा त्यांना आनंद झाला होता.

"सांग त्याले, मी काढलं. लय चिकट होतं, म्हणा."

काय करणार? सांगितलं. बाटल्यांचंही सांगितलं, सासूबाईंच्या सवयीचंही सांगितलं. इंग्रजीत सांगताना ते इतकं खुळचट वाटत होतं की माझाच माझ्यावर विश्वास बसेना. तो हसला नाही, रागावलाही नाही. म्हणाला, तुमचं खरं असेल. पण दारावरचा नंबर काढून टाकणं हे चोरांचं पहिलं काम असतं, आणि मला सही दारासाठी करायची आहे, आजींसाठी नाही. हे दार कुठल्या गाडीचं, याचा पुरावा यार्डाकडून आणा, मग बघू. त्यानं बॉनेट खाली ओढलं आणि ट्रकवाल्याला खूण केली.

गाडीत बसल्यावर माझा तोल गेला. तुम्हाला कोणी सांगितलं होतं, म्हटलं, सगळं जग सोलून काढायला? तिकिटाला किती दिवस राहिलेत, माहीत आहे? आता हे नाही झालं तर बसा पुन्हा फोनला कान लावून! शेवटचं वाक्य तोंडातून गेलं आणि मलाच कसंतरी झालं. आई खिडकीबाहेर बघत होत्या. सिग्नलला गाडी थांबल्यावर म्हणाल्या, "माह्या पोराच्या दारावर दुसऱ्याचं नाव काहून ऱ्हाऊ द्यायचं?"  त्या रात्री जेवल्या नाहीत, मग मीही नाही जेवले. सकाळी त्यांनी पोहे केले आणि माझी ताटली माझ्यासमोर जरा जोरातच ठेवली. तेव्हा कळलं की मिटलं.

यार्डवाल्यांनी भाऊजींना नाकी नऊ आणले. आज माणूस नाही, उद्या कॉम्प्युटर बंद. भाऊजी शांत माणूस, पण एका दुपारी ऑफिसातून सुट्टी टाकून ते तिथे जाऊन बसले आणि कागद घेतल्याशिवाय उठणार नाही म्हणाले. कागद मिळाला. ज्या गाडीचं ते दार होतं तिचा नंबर मिळाला, आणि ती यार्डात आली तेव्हाचे फोटोही मिळाले. ते त्यांनी मला मेल केले.

मी डायनिंग टेबलावर लॅपटॉप उघडला. आई चष्मा लावून शेजारी बसल्या. आमच्या गाडीसारखीच गाडी. पुढून काही झालेलं नव्हतं, दार तर अगदी धड होतं. मागून मात्र पापड. मागची काच नव्हती आणि मागच्या सीटवर लहान मुलाची खुर्ची होती, तिचा पट्टा अर्धवट लोंबत होता. मी पटकन पुढचा फोटो लावायला गेले, तर आईंनी माझा हात धरला.

"यातलं लेकरू?" त्यांनी विचारलं.

मला कुठे माहीत? भाऊजींना विचारायला लावलं, त्यांनी यार्डात फोन केला. यार्डवाला म्हणाला, आमच्याकडे गाड्या येतात, माणसांचं आम्हाला काही कळत नाही. आईंना तसंच सांगितलं. त्या उठून गॅरेजमध्ये गेल्या. मी मागोमाग गेले तर दाराच्या त्या घासलेल्या जागेवर त्या पदरानं तेल पुसत होत्या. संध्याकाळच्या वंदनेला रोज एक मेणबत्ती लावायच्या, त्या दिवशी दोन लावल्या. 

दुसऱ्यांदा वेळ मिळाली ती आईंच्या विमानाच्या दोनच दिवस आधीची. पुन्हा ट्रक, पुन्हा तेच आवार. अधिकाऱ्यानं यार्डाचा कागद वाचला, फोटो बारकाईनं बघितले, दाराच्या आतल्या बाजूचा एक ओरखडा फोटोत आणि दारावर आहे का ते पाहिलं. मग खिशातून एक छोटी निळ्या उजेडाची टॉर्च काढली आणि दाराच्या कडेवर धरली. घासलेल्या जागेवर लेबलाचा पुरता चौकोन उमटला. कारखान्याच्या लेबलाची खूण काही केल्या जात नाही, त्यानं मला सांगितलं. खोटं लेबल लावलेलं असतं तर ही उमटली नसती. आईही वाकून बघत होत्या.

"एवढं घासलं तरी हाये," त्या म्हणाल्या. नाराज नव्हत्या, उलट त्यांना बरं वाटलेलं दिसलं.

आता आत बसून दिवे, हॉर्न, एअरबॅगची खूण बघायची एवढंच राहिलं होतं. अधिकाऱ्यानं दार उघडलं, एक पाय आत टाकला आणि वाकून सीटखालच्या दांड्याला हात घातला. तो माझ्या नवऱ्याहूनही उंच होता, त्याला सीट आणखी मागे हवी होती.

"नो!" आई ओरडल्या. "नो, नो!"

अख्ख्या आवारात ते ऐकू गेलं असेल. आईंना इंग्रजीचे चार शब्द येतात, त्यातला हा एक. तो माणूस तसाच थांबला, एक पाय आत, एक बाहेर. या देशात पोलिसावर ओरडायचं म्हणजे काय! मी घाईघाईनं म्हटलं, ही सीट ह्यांच्या मुलानं लावलेली आहे. माझ्या नवऱ्यानं. तो गेला. तेव्हापासून हलवलेली नाही.

त्यानं आईंकडे पाहिलं. दांड्यावरचा हात काढला, टोपी काढून बाजूला ठेवली आणि स्वतःला घडी घालून त्या सीटवर बसला. गुडघे स्टिअरिंगला लागत होते. दिवे लावले, सिग्नल लावला. टिकटिक सुरू झाली. मी आईंकडे बघितलं. त्या जागेवर पुष्कळ दिवसांनी कोणीतरी उंच माणूस बसला होता आणि त्या त्याच्या मानेकडे बघत होत्या. मला ते बघवलं नाही. मी ट्रकवाल्याशी उगाचच काहीतरी बोलत राहिले.

सही झाली. जाताना त्यानं आईंशी हात मिळवला. दुसऱ्या दिवशी गाड्यांच्या ऑफिसात रांगेत उभं राहून मी टायटल आणि नंबर प्लेट घेतली. टायटलवर आता सॅल्व्हेजच्या जागी रीबिल्ट लिहिलेलं होतं आणि त्याच्या नावाच्या जागी माझं. काउंटरवरच्या मुलीनं अभिनंदन म्हटलं. मी थँक्यू म्हटलं आणि पार्किंगमध्ये जाऊन रडले. भाऊजी संध्याकाळी येऊन प्लेट लावून गेले.

आईंचं विमान त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी होतं. म्हणजे आमच्या हातात एकच सकाळ होती. बॅगा भरून दाराशी ठेवल्या होत्या. आई ठेवणीतली पांढरी साडी नेसून, त्याच्या निघायच्या वेळेला बरोबर, शेजारच्या सीटवर जाऊन बसल्या. मी सोफ्यावरची उशी बगलेत मारून आले. माझा विचार असा की पाठीला उशी लावली की सीट न हलवता भागेल. बसले. उशी लावली. ब्रेकवर पाय नेला तर नुसता अंगठा टेकतोय. आणखी खाली घसरले तर समोरचं दिसेना. मी पाच फूट नाही, काय करणार? तरी गाडी सुरू केली, म्हटलं जाईन हळूहळू.

आई बघत होत्या. त्यांनी पट्टा सोडला, दार उघडून उतरल्या आणि गाडीला वळसा घालून माझ्या बाजूला आल्या. दार उघडलं, ओणव्या झाल्या आणि सीटखाली हात घालून चाचपायला लागल्या. मला कळलं तशी मी त्यांचं मनगट धरलं.

"आई, राहू द्या. मी चालवते अशीच."

"तो असता तं त्यानंच पुढं केली असती तुह्यासाठी," त्या खालूनच म्हणाल्या. "मी आज चालली. तुह्या पायाले ब्रेक लागला पाह्यजे. सोड हात."

मी हात सोडला. दांडा वर झाला, आणि त्यांनी खांदा लावून मला सीटसकट पुढे ढकललं. खट्ट आवाज झाला. पाय ब्रेकवर पुरा बसला. आईंनी उशी काढून घेतली, दार लावलं, आणि दार लागल्याबरोबर बाहेरचं सगळं एकदम शांत झालं. त्याच्या रबरी पट्ट्या. मी हुंदके देत होते आणि आई पलीकडून येऊन बसल्या, पट्टा लावला आणि म्हणाल्या, चल, उशीर होतो त्याले.

मी गाडी काढली, रस्ता त्याच सांगत होत्या. डोळे मिटलेले, मांडीवर पर्स. सिग्नल टिकटिकला की म्हणायच्या, आता वळण. इंजिनाची घरघर वाढली की म्हणायच्या, मोठा रस्ता लागला. पुलावर चाकांचा सूर बदलला तसं त्यांचं तोंड थोडं हसरं झालं. एकदा म्हणाल्या, इथं तो डब्यात काय आहे ते सांगायचा, तू दिलेल्या भाजीला नावं ठेवायचा. मी म्हटलं, ठेवणारच. आम्ही दोघीही हसलो. बाहेर झाडं लाल-पिवळी झाली होती आणि मला सारखं वाटत होतं, एखादं हरीण येऊ नये, आज नको.

रूळ आले. मी वेग कमी केला नाही, तोही करत नसे. गाडी दोनदा दणक्यानं उडाली. आईंनी डोळे उघडले. पुढे उजवीकडे ऑफिसचं गेट दिसत होतं, लोक आत वळत होते. मी रस्त्याच्या कडेला गाडी घेतली आणि उभी केली. सिग्नल तसाच टिकटिकत राहिला.

आई समोरच्या स्पीकरच्या जाळीकडे बघत होत्या. मला वाटलं, आता म्हणतील, थांब नं जरा. त्यांनी हात पुढे केला, जाळीवरून एकदा फिरवला, आणि रोजच्या आवाजात म्हणाल्या,

"ठेव बाबा. पोचलास नं, ठेव आता."